हजार पौंडांचा दाखला

पनवेल शहराच्या जुन्या वस्तींत ‘बेथ एल’ नांवाचें यहुदी लोकांचें प्रार्थनामंदिर आहे. इ. स. १८४९ सालीं, म्हणजे पनवेलची नगरपालिका स्थापन होण्याच्या तीन वर्षें आधीं, तें उभें राहिलें. खाडीच्या वाटेनें मुंबईशीं आणि बोरघाटाच्या वाटेनें पुण्याशीं जोडलेल्या या बाजारपेठेंत मिठाचे व तांदुळाचे व्यापारी जसे आले, तसेच कोंकणच्या खेड्यापाड्यांतून बेने इस्रायल लोकही येऊन राहिले. त्यांची परंपरागत कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं अलिबागजवळील नवगांवच्या किनाऱ्याशीं एक गलबत फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांचाच हा वंशविस्तार होय. गांवोगांव तेलाचे घाणे चालवावे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवावा, या त्यांच्या रीतीमुळें शेजारीपाजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवें जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे हल्लींच्या रायगडच्या, नकाशावर बोट ठेवून दाखवितां येतात.

आज या समाजाचा मोठा भाग इस्रायल देशांत आहे, आणि कोंकणांतील त्यांच्या मंदिरांत प्रार्थनेस जमणारीं माणसें थोडीं उरलीं आहेत. ते लोक कसे गेले, याविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे. परंतु १९४८ पूर्वीं त्यांतील कोणी जाऊं म्हटलें असतें, तर दारावरील अधिकाऱ्यानें त्याच्याकडे काय मागितलें असतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर एका आंकड्यांत देतां येतें: एक हजार पौंड. परक्या देशांत राहावयास जाणाऱ्यानें आपल्या गांठीं पुरेशी शिल्लक आहे असें सिद्ध करून दाखवावें, हा नियम आतां जगभर इतका रुळला आहे कीं, त्याच्या जन्माची हकीकत कोणास आठवत नाहीं. ती येथें थोडक्यांत सांगावी, आणि पनवेलच्या घाणेवाल्याच्या दृष्टीनें तिच्याकडे पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्याकडील चाल पाहूं. माणसाजवळ पैसा आहे किंवा नाहीं, हें ठरविण्याची आपली जुनी रीत कागदाची नव्हती. अमक्याची हुंडी वटते, तमक्याच्या शब्दावर सावकार पोतें सोडतो, यालाच पत म्हणत. आणि ती पत चार लोकांच्या तोंडीं नांदे. सामान्य कुटुंबाची शिल्लक ही बायकांच्या अंगावरील दागिना, गोठ्यांतील बैल, कोठींतील भात आणि दाराशीं असलेला घाणा अशा रूपांत असे. टपाल खात्याची बचत पेढी हिंदुस्थानभर सुरू झाली ती १८८२ सालीं. त्यानंतर पगारदार मनुष्याच्या हातीं प्रथमच असें एक पुस्तक आलें कीं, ज्यांत त्याची शिल्लक सरकारी शिक्क्यानिशीं लिहिलेली होती. पत ही ओळखीच्या माणसांत चालते, पुस्तक हें अनोळखी माणसापुढें चालतें. देशांतराचा सारा प्रश्न अनोळखी माणसापुढें उभें राहण्याचा असल्यामुळें तेथें पतीचा कांहीं उपयोग होत नाहीं, ही गोष्ट पुढील इतिहासांत वारंवार दिसून येईल.

योगायोग असा कीं, ज्या १८८२ सालीं आपल्याकडे बचत पेढी निघाली, त्याच सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं एक कायदा करून, जो मनुष्य समाजावर भार न होतां स्वतःचा निर्वाह करूं शकणार नाहीं त्यास उतरूं देऊं नये, असें ठरविलें. ‘समाजावर भार’ हा शब्दप्रयोग तेव्हांपासून देशोदेशींच्या कायद्यांत शिरला. त्याचा एक प्रयोग हिंदी लोकांच्या वांट्यास लौकरच आला. १८९६ च्या नोव्हेंबरअखेरीस मुंबईहून ‘कूरलँड’ व ‘नादेरी’ हीं दोन जहाजें नाताळ वसाहतीकडे निघालीं. गांधी कूरलँडवर होते. दरबान बंदरांत तीं जहाजें दिवसचे दिवस अडवून धरण्यांत आलीं, व उतारूंस किनाऱ्यावर पाय ठेवतां आला तो १३ जानेवारी १८९७ रोजीं. त्याच वर्षीं नाताळनें नवा कायदा केला. त्यांत ‘हिंदी’ हा शब्द कोठेंही नव्हता. ज्यास युरोपांतील एकाही भाषेंत अर्ज लिहितां येत नाहीं तो वर्ज्य, व जो कंगाल आहे किंवा समाजावर भार होण्याचा संभव आहे तोही वर्ज्य, एवढेंच त्यांत म्हटलें होतें. वर्णाचें नांव न घेतां वर्णाचें काम करून घेण्याची ही युक्ति ब्रिटिश वसाहतमंत्री चेंबरलेन यांस इतकी पसंत पडली कीं, त्यांनीं त्याच सालच्या परिषदेंत इतर वसाहतींसही तिचा कित्ता गिरविण्याची शिफारस केली.

कानडानें हीच युक्ति उघड आंकड्यांत मांडली. १९०८ सालीं तेथील सरकारनें दोन नियम केले. जन्मदेशांतून निघून वाटेंत कोठेंही न थांबतां, एकाच तिकिटावर आलेल्यासच उतरूं द्यावें, हा एक. आणि आशियांतून येणाऱ्या मनुष्याजवळ निदान दोनशें डॉलर असलेच पाहिजेत, हा दुसरा. त्या वेळच्या दरानें दोनशें डॉलर म्हणजे सुमारें सहाशें रुपये होत. १९१४ सालीं ‘कोमागाता मारू’ जहाज ३७६ उतारू घेऊन २३ मे रोजीं व्हँकूव्हरच्या बंदरांत शिरलें, तें दोन महिने तेथें खोळंबून २३ जुलै रोजीं परत फिरलें. त्यांतील चोवीस माणसांखेरीज कोणास उतरूं दिलें गेलें नाहीं. सोबत पैसा किती हा त्या वादांतील एक मुद्दा होता. पण ज्यांनीं पैसा जमविला असता त्यांच्यासाठीं एकाच तिकिटाची अट तयारच होती. कुलूप एक आणि किल्ल्या दोन, अशी ही रचना होती.

आतां पॅलेस्टाइनकडे वळूं. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख राष्ट्रसंघाच्या आदेशानें ब्रिटिशांच्या ताब्यांत आला, आणि तेथें यहुद्यांचें राष्ट्रीय निवासस्थान उभारण्यास साहाय्य करण्याची जबाबदारी त्यांनीं पत्करली. पण निवासस्थान कोणासाठीं, हें ठरविण्यासाठीं येणाऱ्यांचे वर्ग पाडण्यांत आले. १९३३ च्या वटहुकुमांत हे वर्ग पक्के झालेले दिसतात. पहिला वर्ग स्वतंत्र साधनें असणाऱ्यांचा. त्यांत हजार पौंड भांडवल दाखविणारा मनुष्य अग्रस्थानीं होता. त्याच्या खालीं पांचशें पौंड असलेला विद्वत्तेच्या धंद्यांतील मनुष्य, अडीचशें पौंड असलेला कुशल कारागीर, आणि दरमहा निदान चार पौंडांचें कायमचें उत्पन्न असलेला मनुष्य, अशा पायऱ्या होत्या. ज्यांच्याजवळ यांतील कांहींच नाहीं त्यांच्यासाठीं मजुरांचा वर्ग होता. पण त्याची संख्या सरकार सहा सहा महिन्यांनीं ठरवी, आणि दाखले वांटण्याचें काम यहुदी संस्थेच्या हातीं असे. हजार पौंडवाल्यांस मात्र बराच काळ संख्येची मर्यादा नव्हती. जो रक्कम दाखवील त्यास दार उघडें.

या रकमा कोंकणच्या हिशेबांत उतरवून पाहिल्या म्हणजे त्यांचें खरें रूप कळतें. १९२७ पासून रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला होता, म्हणजे पौंडास तेरा रुपये पांच आणे चार पै पडत. त्या हिशेबानें हजार पौंडांचे तेरा हजार तीनशें तेहतीस रुपये पांच आणे चार पै होतात. महिन्यास दहा रुपये नियमानें मागें टाकणाऱ्या मनुष्यास, व्याज सोडून दिलें तर, ही रक्कम सांठविण्यास एकशें अकरा वर्षें लागलीं असतीं. कारागिराच्या अडीचशें पौंडांचे तीन हजार तीनशें तेहतीस रुपये होत. म्हणजे त्याच हिशेबानें जवळजवळ अठ्ठावीस वर्षें. बेने इस्रायलांत सुतार व गवंडी पुष्कळ होते, त्यांची कारागिरी नांवाजलेली होती. पण हातांतील कसबाबरोबर पेटींतील रक्कमही पाहिजे, असें म्हटल्यावर तें कसब निरुपयोगी ठरलें.

या सर्व पायऱ्यांत एकच पायरी आमच्या लोकांच्या पायांस पोंचण्याजोगी होती, ती चार पौंडांच्या मासिक उत्पन्नाची. चार पौंड म्हणजे त्रेपन्न रुपये पांच आणे चार पै. बेने इस्रायल समाजांतील बरीच माणसें इंग्रजी अमदानींत पलटणींत व सरकारी कचेऱ्यांत शिरलीं होतीं, आणि निवृत्तिवेतन ही त्यांच्या घरांतील ओळखीची गोष्ट होती. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या एखाद्यास ही अट पुरी करतां आली असती. पण ज्या वयांत मनुष्य नव्या देशांत जाऊन जमीन नांगरतो, त्या वयांत निवृत्तिवेतन हातीं नसतें. आणि ज्या वयांत तें हातीं पडतें, त्या वयांत त्याची इच्छा आपल्या गांवाच्या ओट्यावर बसण्याची असते.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. १९४८ पूर्वीं कोंकणचे यहुदी पॅलेस्टाइनला फारसे गेले नाहींत याचें कारण केवळ हजार पौंड, असें म्हणणें सत्यास सोडून होईल. त्यांचें घर येथें होतें, भाषा मराठी होती, आणि या भूमींत धर्मासाठीं त्यांचा छळ कोणी केला नव्हता. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केलेला आपल्या समाजाचा इतिहास पाहिला, तर त्यांत कोंकणाविषयींचें ममत्व पानोपानीं दिसतें. (तो ग्रंथ छापला गेला मात्र १९३७ सालीं, आणि तोही तेल अविव येथें.) ज्यास जावयाचेंच नाहीं, त्यास दार बंद असल्याचें दुःख नसतें. पण दाराचा स्वभाव कळण्यासाठीं तें ठोठावलेंच पाहिजे असेंही नाहीं.

ज्यांस जाणें हा जीवनमरणाचा प्रश्न होता, त्यांची कथा निराळी आहे. १९३३ सालीं जर्मनींत नाझी सत्तेवर आले. तेथील यहुद्यांजवळ पैसा होता, परंतु तो देशाबाहेर नेण्यास बंदी होती. तेव्हां त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें एक विलक्षण करार झाला. निघणाऱ्यानें आपला पैसा जर्मनींत खात्यावर भरावा, त्या पैशांतून जर्मन माल घेऊन पॅलेस्टाइनला पाठवावा, आणि तेथें तो विकून आलेल्या रकमेंतून त्याचे पौंड त्यास मिळावे, अशी ती योजना होती. त्याबरोबरच हजार पौंडांची अट पुरी करण्यापुरतें परकीय चलन सोडण्याची व्यवस्था झाली. हजारों कुटुंबें या वाटेनें वांचलीं. पण ज्यांजवळ तितका पैसा नव्हता तीं त्याच शहरांत, त्याच गल्लींत, मागें राहिलीं. पुढें १९३९ च्या श्वेतपत्रिकेनें पांच वर्षांत पंचाहत्तर हजार अशी मर्यादा घातली, तेव्हां तर रक्कम असूनही दार उघडेना. शिल्लक दाखविण्याचा नियम किती साधा व किती निर्दय होऊं शकतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

त्याच वर्षांत या नियमाचें दुसरें टोंक मुंबईस पाहावयास मिळालें. मध्य युरोपांतून पळालेले कांहीं यहुदी हिंदुस्थानाकडे आले, आणि येथील ब्रिटिश सरकारनेंही तोच प्रश्न केला: तुम्ही आमच्यावर भार होणार नाहीं कशावरून? या लोकांसाठीं १९३४ सालीं मुंबईंत यहुदी साहाय्यक संघ निघाला होता. त्यानें निर्वासितांच्या निर्वाहाची हमी घेतली, आणि ती सरकारनें मान्य केली. पेढीच्या पुस्तकाऐवजीं समाजाचा शब्द चालला. आकाशवाणीच्या प्रारंभीं वाजणारी जी धून पिढ्यान् पिढ्या ऐकली गेली, ती बांधणारे वॉल्टर काउफमान हे १९३४ सालीं मुंबईस आलेल्या अशाच एका लोंढ्यांतील गृहस्थ. पाहुण्याची किंमत दाराशीं मोजलेल्या नाण्यांवरून ठरविली असती, तर ती धून आम्हांस मिळती ना.

इतकें सांगितल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सरकारनें शिल्लक विचारूंच नये काय? नवख्या देशांत पहिले सहा महिने फार कठीण जातात. काम मिळेपर्यंत भाडें द्यावें लागतें, अंथरूण-पांघरूण घ्यावें लागतें, आजार येतो. गांठीं कांहीं नसलेला मनुष्य या काळांत सावकाराच्या किंवा मुकादमाच्या हातीं सांपडतो, आणि मग त्याचें स्वातंत्र्य नांवापुरतें उरतें. आपल्याच देशांतून करारावर मॉरिशस, नाताळ, फिजी येथें गेलेल्या मजुरांजवळ शिल्लक नव्हती, म्हणूनच त्यांस तसल्या करारांवर अंगठे उठवावे लागले. म्हणून थोडीबहुत पुंजी सोबत असावी, ही सूचना येणाऱ्याच्या हिताचीच आहे. दोष नियमांत नाहीं, प्रमाणांत आहे. सहा महिन्यांच्या निर्वाहापुरती रक्कम मागणें ही काळजी झाली. एकशें अकरा वर्षांची शिल्लक मागणें ही निवड झाली. आणि निवड करावयाचीच असेल तर ती उघडपणें कबूल करावी, पैशाच्या आड लपवूं नये.

१९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें, आणि ५ जुलै १९५० रोजीं तेथील लोकसभेनें ‘परतीचा कायदा’ संमत केला. त्यानें प्रत्येक यहुद्यास येण्याचा हक्क दिला. हजार पौंड गेले, अडीचशें गेले, चारही गेले. प्रवासाचा खर्चही यहुदी संस्था देऊं लागली. जो दाखला कोंकणचा घाणेवाला सात पिढ्यांत मिळवूं शकला नसता, त्याची गरजच एका ठरावानें नाहींशी झाली. १९५२ पर्यंत दोन हजारांहून अधिक बेने इस्रायल तिकडे गेले.

पण दार ओलांडल्यावर प्रश्न संपले नाहींत. काम, घर व वागणूक यांबद्दल असंतोष वाढला. १९५१-५२ मध्यें कांहीं कुटुंबांनीं धरणें धरून, आम्हांस भारतांत परत पाठवा, अशी मागणी केली, आणि त्यांतील बरीच परतही आलीं. पुढें त्यांपैकीं अनेकांनीं पुन्हां तिकडची वाट धरली, ही गोष्ट वेगळी. याहून मोठा घाव १९६२ सालीं बसला. तेथील मुख्य धर्मगुरूंच्या मंडळानें असें फर्माविलें कीं, बेने इस्रायलांपैकीं कोणाचा विवाह इतर यहुद्यांशीं ठरला, तर त्याच्या आईची, आजीची, व शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. आतां पुरावा पैशाचा नव्हता, पणज्यांचा होता. नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताचा उतारूपट कोणापाशीं असणार? शनिवारीं घाणा बंद ठेवला, मुलांची सुंता केली, ‘शेमा’ची प्रार्थना शेंकडों वर्षें तोंडीं जपली, हाच त्यांचा पुरावा, पण तो पतीसारखा होता, शेजाऱ्यांच्या तोंडीं नांदणारा. त्या लोकांनीं पुन्हां लढा दिला, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्यें तेथील लोकसभेनें ठराव करून, बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनीं यहुदीच आहेत, असें जाहीर केलें. त्यानंतर धर्मगुरूंनींही तें विशिष्ट फर्मान बदललें.

या दोन प्रसंगांत एक सूत्र आहे. १९३३ मध्यें घाणेवाल्यास पैसा विचारला, कारण पैसा त्याच्याजवळ नव्हता. १९६२ मध्यें त्यास वंशाचे कागद विचारले, कारण कागद त्याच्याजवळ नव्हते. कोणी मुद्दाम त्यास छळण्यासाठीं हे नियम केले, असें नाहीं. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो नव्हताच. बर्लिनचा वकील व वॉर्साचा शिंपी यांना डोळ्यांपुढें ठेवून मोजमाप ठरलें, आणि कोंकणच्या मनुष्यास त्याच मापानें मोजलें गेलें.

हा सारा इतिहास जुना झाला असें समजण्याचें कारण नाहीं. आज पनवेलच्या पेढ्यांतून कितीतरी तरुण व त्यांचे आईबाप एक विशिष्ट पत्र मागण्यास येतात. कानडानें कुशल कामगारांसाठीं जी अट घातली आहे, तीप्रमाणें, तेथील नोकरी आधींच हातीं नसलेल्या एकट्या अर्जदारास २०२४ सालीं १४,६९० डॉलर, व चौघांच्या कुटुंबास २७,२९७ डॉलर दाखवावे लागत. म्हणजे सुमारें नऊ लक्ष व साडेसोळा लक्ष रुपये. पेढीच्या पत्रांत गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक व डोक्यावरील कर्ज लिहिलेलें असावें लागतें. पैसा दुसऱ्याकडून उसना घेतलेला चालत नाहीं. घराची किंवा जमिनीची किंमतही त्यांत धरली जात नाहीं. ज्या तालुक्यांत नव्या शहरासाठीं व विमानतळासाठीं शेतें गेलीं आणि उरलेल्या गुंठ्यांस सोन्याचा भाव आला, तेथील शेतकऱ्याच्या मुलास ही शेवटची अट नवल वाटण्याजोगी आहे. त्याच्या घरची सारी पत जमिनींत, आणि जमीन मात्र शिल्लक नव्हे!

तरी १९०८ च्या दोनशें डॉलरांत व आजच्या या रकमेंत एक भेद आहे, व तो न्यायबुद्धीनें मान्य केला पाहिजे. आजची रक्कम कोणत्या खंडांतून मनुष्य आला हें पाहात नाहीं. ती तेथील निर्वाहाच्या खर्चाशीं जोडलेली असून दर वर्षीं तपासली जाते. हें माप सर्वांस एक आहे. परंतु सर्वांस एकच माप लावल्यानें सर्वांचें ओझें सारखें होत नाहीं. नऊ लक्ष रुपये एका घरीं वर्षाची शिल्लक असते, तर दुसऱ्या घरीं आईचे दागिने व बापाच्या भविष्यनिधीची अखेर असते. ज्या शिक्क्यावर कचेरींतील अधिकारी क्षणभर नजर टाकतो, त्याच्या मागें किती वर्षांची काटकसर उभी आहे, हें त्या पत्रांत लिहिण्याची सोय नाहीं.

२००५ च्या जुलैमधील महापुरांत बेथ एल मंदिरांत पाणी शिरलें, आणि तेथें जपून ठेवलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या भिजून खराब झाल्या. यहुदी रीतीप्रमाणें असे ग्रंथ फेंकीत नाहींत, माणसासारखे पुरतात. ज्या समाजानें दोनदां जगापुढें पुराव्यासाठीं हात पसरले, त्याचा सर्वांत मोलाचा लेख अशा रीतीनें पनवेलच्या मातींत मिळाला. २०२५ सालीं पनवेल तालुक्यांतच नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. ज्या गांवाहून पूर्वीं गलबतानें मुंबई गांठीत, तेथूनच आतां परदेशची वाट निघते. त्या वाटेनें जाणाऱ्या तरुणानें पेढीचें पत्र पिशवींत जपून ठेवावें हें तर खरेंच. पण त्याच वाटेनें उद्यां कोणी आपल्या दाराशीं येईल, तेव्हां त्यास काय विचारावयाचें, याचाही विचार आपण आतांपासून करून ठेवलेला बरा.